वेर्ण्यात नोकरी लागली, घर कुठे आणि कसं बघावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सांगलीजवळ कुपवाडला औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात होता. आता वेर्णा औद्योगिक वसाहतीत तशीच नोकरी मिळाली आहे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. गोव्यात ओळखीचं कुणी नाही. एका एजंटाने पर्वरीतला फ्लॅट व्हिडिओवर दाखवला आणि तीन महिन्यांचं डिपॉझिट आत्ताच मागतोय. मैत्रिणी म्हणतात, गोव्यात जातेयस तर समुद्राजवळच राहा. पुढेमागे आईंना आणायचं आहे. घर आधी ठरवावं की हजर झाल्यावर शोधावं, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तिथले लोक कसं वागवतात, हे तुम्हाला हवं आहे.

आधी हजर व्हा, घर नंतर. पर्वरीच्या फ्लॅटसाठी एक रुपयाही पाठवू नका.

मी फोंड्याचा. वेर्ण्यातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात माझी बरीच वर्षं गेली. नवीन माणूस रुजू झाला की त्याच्या राहण्याची सोय लावणं हा माझ्या कामाचा न लिहिलेला भाग. नोकरी सोडून परत गेलेल्यांशीही मी शेवटच्या दिवशी बोलत आलो आहे. त्यातल्या पुष्कळांना काम जमलं नाही असं नव्हतं, त्यांना घर चुकीच्या जागी मिळालं होतं. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

नकाशावर गोवा चिमुकला दिसतो. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला वाटतं, कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो! इथे पुण्यासारखं एक शहर आणि त्याची उपनगरं अशी रचना नाही. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा, फोंडा ही पाच छोटी शहरं, प्रत्येकाचा बाजार वेगळा, बसस्टँड वेगळा, आणि मधे गावंच गावं. त्यांच्यामध्ये दोन मोठ्या नद्या आडव्या पडल्या आहेत, मांडवी आणि जुवारी. तुमचं घर आणि तुमचं गेट यांच्यात किती नद्या येतात, हा गोव्यातला पहिला प्रश्न. पर्वरीहून वेर्ण्याला यायचं म्हणजे मांडवीही ओलांडायची आणि जुवारीही. शिवाय पर्वरीत महामार्गावर उन्नत रस्त्याचं काम काढल्यापासून तिथली कोंडी रोजची झाली आहे. सकाळी आठच्या शिफ्टला तिथून येणारी मुलगी सहाला उठून साडेसहाला रस्त्यावर असते, आणि पावसाळ्यात ती रोज भिजते.

जुवारीचा नवा पूल झाल्यापासून, म्हणजे २०२२च्या शेवटी एक बाजू आणि वर्षभराने दुसरी बाजू सुरू झाल्यापासून, पणजीकडून वेर्णा खरोखर जवळ आलं. जुन्या पुलावरच्या रांगा ज्यांनी भोगल्या त्यांना याची किंमत कळते. त्यामुळे बांबोळी, सांताक्रूझ, मेरशी या भागांतून वेर्ण्याला रोज येणारे आता पुष्कळ आहेत. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी पणजीत असते, म्हणून ते तिथे राहतात. तुम्हाला तसं कारण नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ऑफर लेटर पाठवणाऱ्या माणसाला आजच फोन करा आणि विचारा, कंपनीच्या बसचे मार्ग कोणते, थांबे कुठे आणि पहिल्या शिफ्टला बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येते. वेर्ण्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या बस मडगाव, वास्को, पणजी आणि फोंडा या बाजूंनी फिरतात. थांब्यांची ती यादी हातात आली की तुमचं घर तिच्यावर शोधायचं, थांब्यापासून दहा मिनिटं चालत. समुद्र, बाल्कनी, लिफ्ट हे सगळं त्याच्यानंतर. सार्वजनिक बसचं सांगायचं तर कदंबच्या, म्हणजे इथल्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, पणजी-मडगाव शटल चांगल्या आहेत, दिवसा सारख्या सुटतात, पण त्या मधे थांबत नाहीत. मधल्या गावांना खाजगी बस. रात्री आठनंतर त्या विरळ होतात आणि आतल्या गावांत तर बंदच होतात. दुसऱ्या शिफ्टहून सुटलात आणि कंपनीची बस चुकली, तर ओला-उबर इथे नाहीत. गोवामाइल्सचं ॲप आहे, पण रात्री उशिरा आडगावात गाडी मिळेलच याचा भरवसा धरू नका.

थांब्यांच्या हिशेबाने माझं मत मडगावला. त्यातही फातोर्डा आणि बोर्डा. फातोर्ड्यात रवींद्र भवन आहे, तिथे मराठी नाटकं येतात. बाजार जवळ, रेल्वे स्टेशन जवळ, जिल्हा इस्पितळ मडगावातच. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट मडगावला येते, म्हणजे आईंचं येणं-जाणंही सोपं. आके आणि नावेली ही चांगली वस्ती, फक्त सकाळी शहर ओलांडून यावं लागतं. नुवे आणि खुद्द वेर्णा गाव ही ठिकाणं जवळची आणि शांत, पण तिथे स्वतःची दुचाकी नसेल तर संध्याकाळी साधी कोथिंबीर आणायची पंचाईत. दुसरा पर्याय वास्कोकडे, चिखली किंवा दाबोळी. तिथे देशभरातून आलेली माणसं आहेत, त्यामुळे नवखेपणा कमी जाणवतो, भाड्याची घरंही पुष्कळ. फोंड्याबद्दल मी बोललो तर पक्षपात होईल. मराठी वातावरण हवं असेल तर फोंड्यासारखं गाव नाही, पण वेर्ण्याला येताना बोरीचा पूल आहे आणि रस्ता वळणांचा. तुमच्या विभागाच्या वेळा बघता मी ते सुचवणार नाही.

कोलवा, बाणावली, बेताळभाटी या किनाऱ्याच्या गावांबद्दल मैत्रिणींना समजावून सांगा. तिथे जूनमध्ये घर स्वस्तात मिळतं, मालक गोड बोलतो. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून पर्यटक येऊ लागतात आणि तोच मालक म्हणतो, डिसेंबरात पंधरा दिवस खोली रिकामी करून द्या, नाहीतर भाडं दुप्पट. उत्तरेकडे शिवोली-आसगावात हे जास्त होतं, दक्षिणेतही होतं. २०२० नंतर घरूनच काम करणारे लोक महानगरांतून इथे येऊन राहिले आणि किनाऱ्याजवळची भाडी जी चढली ती पगारदार माणसाच्या आवाक्यात पुन्हा आली नाहीत. समुद्र मडगावहून सहा-सात किलोमीटरवर आहे. रविवारी जा, मनसोक्त बसा.

पहिला महिना कुठे काढायचा? काही कंपन्यांचं गेस्ट हाऊस असतं आणि मागितल्याशिवाय ते देत नाहीत. संकोच न करता मागा. नसेल तर मडगावात पीजी किंवा महिन्याच्या बोलीवर साधी खोली घ्या. पैशांचंही एक बघून ठेवा. तुमचा पहिला पगार जूनच्या शेवटी पूर्ण येईल असं धरू नका. हजेरीचा हिशेब बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेला बंद होतो. बँक खातं, आधार, पीएफचा जुना यूएएन यांत काही अडलं तर पगार पुढच्या महिन्यात एकदम येतो. दोन महिने पगाराविना निघतील एवढे पैसे जवळ हवेत, त्याखेरीज डिपॉझिट, पहिलं भाडं आणि एजंटाचं एक महिन्याचं भाडं. कुपवाडच्या कंपनीचं कार्यमुक्तीपत्र हातात घेतल्याशिवाय निघू नका. नंतर ते फोनवर मागत बसणं फार त्रासाचं असतं.

जूनमध्ये येताय याचं मला बरं वाटतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. घर बघायला याच्याइतकी चांगली वेळ नाही, कारण घराची सगळी दुखणी तेव्हा उघडी पडतात. गेल्या पावसाळ्याआधी मी एका नव्या सहकाऱ्याबरोबर फातोर्ड्यात घर बघायला गेलो होतो. दुसरा मजला, हॉलची एकच भिंत ताजी रंगवलेली, बाकीच्या जुन्या. मालकीणबाई म्हणाल्या, मुलांनी रेघोट्या मारल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो आणि सिंकखालचं कपाट उघडलं. प्लायवूडचा खालचा कोपरा पुरीसारखा फुगला होता, बोटाने दाबला तर भुसा हातात आला, आणि ओलीचा तो वास. मग बेडरूममधलं लोखंडी कपाट जरा पुढे ओढायला सांगितलं. मागे छतापासून कमरेपर्यंत काळी बुरशी. ती पश्चिमेची भिंत होती. इथला पाऊस नैऋत्येकडून मारतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना तो झोडपतो. आम्ही त्याच इमारतीत पूर्वेकडचा फ्लॅट विचारला. तो कोरडा होता, आणि भाडं तेवढंच.

म्हणून घर बघताना कपाटं उघडा, बाजूला ओढा. सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्यांत पाणी साचून आत येतं का बघा. बाहेरून वर पत्र्याची शेड घातलेली आहे का बघा. ज्या मालकाने ती घातली आहे त्याने पावसाचा विचार केला आहे. जुनं चिऱ्याचं, कौलारू घर फार सुंदर दिसतं, मलाही आवडतं, पण एकट्या नोकरदार बाईने पहिल्या वर्षी ते घेऊ नये. कौल सरकलं की माणूस मिळेपर्यंत दोन दिवस बादल्या ठेवत बसावं लागतं.

पाण्याचं जरूर विचारा. दक्षिण गोव्याला साळावली धरणाचं पाणी येतं. नळाला ते ठरावीक वेळच असतं, म्हणून इमारतीला खाली टाकी आणि वर टाकी दोन्ही हव्यात. मालकाला विचारलंत तर तो म्हणेल चोवीस तास पाणी. प्रश्न खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला विचारा, आणि असा विचारा: मे महिन्यात टँकर किती वेळा आला, आणि त्याचे पैसे कुणी भरले? गोव्यात बऱ्याच भागांत सांडपाण्याची वाहिनी नाही, सेप्टिक टँक असतो. त्याचा उपसा वेळेवर होतो की नाही, हे तळमजल्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की नाकाला कळतं. वीज इथे थेट सरकारचं वीज खातं देतं आणि बिल तुम्हाला महाराष्ट्राच्या मानाने हलकं वाटेल. मात्र पहिल्या वळवाच्या सरीबरोबर ती जाते, झाडं तारांवर पडतात. इन्व्हर्टर असलेलं घर मिळालं तर शंभर-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही.

करारनाम्यात महाराष्ट्रातून आलेल्यांचा एक गोंधळ होतो. तुमच्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करावीच लागते. तो कायदा इथे लागू नाही. गोव्यात सर्रास अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर करून नोटरी करतात. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मात्र १९०८च्या नोंदणी कायद्याने नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा करा, पण सही कोण करतो हे नीट बघा. इथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. त्यात पती-पत्नीचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो आणि मुलगे-मुली दोघेही वारस. घरं पिढ्यान्‌पिढ्या न वाटता राहतात, एक भाऊ मडगावात, एक मुंबईत, बहीण लिस्बनला. लाईट बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे, त्याने घाबरू नका. पण तुम्हाला किल्ली देणारा माणूस कोण, त्याच्याकडे इतरांचं कुलमुखत्यारपत्र आहे का, घरपट्टीची पावती कुणाच्या नावाने फाटते, हे विचारा. नाहीतर चार महिन्यांनी दुसरा भाऊ सुट्टीवर येतो आणि म्हणतो, तुम्हाला आत कुणी घेतलं?

करारात दोनच गोष्टींवर हट्ट धरा. अकरा महिन्यांत भाडं वाढणार नाही आणि घर मधे रिकामं करावं लागणार नाही, ही एक. डिपॉझिट घर सोडल्यापासून किती दिवसांत परत, आणि रंगाचे पैसे कापायचे तर किती, ही दुसरी. राहायला जाल त्या दिवशी मीटरचा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट मडगावात देऊ नका. आणि भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा असतो. मालक टाळाटाळ करतो, कारण त्याला भाड्याचं उत्पन्न कागदावर नको असतं. तुम्ही मागे लागा. ठाण्याचा शिक्का असलेली प्रत आणि करार हाताशी असले की गॅस, बँक ही कामं सोपी होतात.

पर्वरीच्या एजंटाचं म्हणाल तर तो खोटाच असेल असं मी म्हणत नाही. पण घर बघण्याआधी टोकन, क्यूआर कोड, ‘दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ ही घाई, हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. कधीकधी मालक ‘बदली झालेला लष्करी अधिकारी’ असतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. किल्लीने दार उघडून आत उभं राहिल्याशिवाय पैसे नाहीत, एवढं पाळा. खरी घरं इथे जाहिरातीपेक्षा तोंडी जास्त मिळतात. रुजू झाल्यावर कॅन्टीनमध्ये चारजणांना सांगून ठेवा, बसच्या ड्रायव्हरला सांगा. त्याला कुठल्या गल्लीत कुणाचा मुलगा परदेशी गेला आणि वरचा मजला रिकामा झाला, हे बरोबर ठाऊक असतं. भाडंही तेव्हा खरं कळतं.

दुचाकी आणणार असाल तर आणा, नाहीतर इथे जमणं कठीण. सांगलीची एमएच-१० पाटी बारा महिन्यांपर्यंत चालते, त्यापुढे नियमाने इथली नोंदणी करावी लागते. सांगलीच्या आरटीओकडून ना हरकत दाखला घ्यायला वेळ लागतो, म्हणून दहाव्या महिन्यातच सुरुवात करा. तोवर भाड्याची घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. घाईच्या वेळी मोटारसायकल पायलट आहेतच, भाडं घेऊन मागे बसवून नेणारे पिवळ्या-काळ्या गाडीवाले. भाडं बसण्याआधी ठरवा.

आता लोकांचं. बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांबद्दल गोमंतकीय माणसाच्या मनात राग आहे, आणि तो विनाकारण नाही. डोंगर कापले गेले, शेतं गेली, गावातल्या मुलांना गावात घर परवडेनासं झालं. ‘भायले’ हा शब्द तुमच्या कानावर पडेल. तो रोजगारासाठी आलेल्या, साधेपणाने राहणाऱ्या माणसावर सहसा रोखलेला नसतो, पण पडला तर वाद घालू नका. मराठी बहुतेकांना समजते. वर्तमानपत्रं मराठी, भजनं मराठी, देवळातल्या आरत्या मराठी. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. पण त्याआधी या प्रश्नावर इथे घरं दुभंगली, माणसं मेली. त्यामुळे ‘कोकणी म्हणजे मराठीचीच बोली’ हे वाक्य महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर उच्चारू नये. मी मराठीवर जीव टाकणारा माणूस आहे आणि तरीही हे सांगतो. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, तुमचे शेजारी बरेचसे ख्रिस्ती असतील. त्यांच्याशी मोडकं कोकणी बोला. ‘कशे आसात’ एवढं म्हटलंत की समोरचा माणूस खुलतो. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, त्याच्याकडून रोज पोई, म्हणजे इथला पाव, घ्या. वाड्यावर कोण नवीन आलंय याची बातमी तोच पसरवतो, आणि पुढे अडीअडचणीला ते कामी येतं.

कामावरही एक सांगतो. चतुर्थीला इथे सगळं थांबतं. दिवाळीपेक्षा चवथ मोठी, आणि त्या आठवड्यात रजेसाठी सगळ्यांची ओढाताण चालते. तुम्हाला सांगलीला जावंसं वाटेल हे मला कळतं. पण पहिल्या वर्षी आपणहून सांगा की त्या दिवसांत मी प्रयोगशाळा सांभाळते. बदल्यात दिवाळीला सलग रजा मिळेल, आणि ज्यांनी तुमच्यामुळे घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळाफुलांची मांडणी, बांधली ते तुम्हाला विसरणार नाहीत. चवथीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन घरची जेवणाची बोलावणी आली नाहीत तर मला नवल वाटेल. एकटेपणा मात्र जुलैत येतो. दिवसभर पाऊस, दुपारी एक ते चार दुकानं बंद, मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी असल्याने बाजारही सुना. त्या दिवसांसाठी काहीतरी धरून ठेवा. श्रावणात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह असतो, अहोरात्र अभंग चालतात. कार्तिकात मडगावला हरिमंदिराची दिंडी निघते. सांगलीकडच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

आईंना ऑक्टोबरात आणा, पाऊस सरल्यावर. सांध्यांचा किंवा दम्याचा त्रास असेल तर पहिला पावसाळा त्यांना इथे काढायला लावू नका. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य योजनेसाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणून कंपनीच्या विम्यात आईंचं नाव घालता येतं का हे रुजू होतानाच्या अर्जातच विचारा. नंतर वर्षभर ती खिडकी उघडत नाही. मोठ्या दुखण्याला बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, मडगावहून जुवारीच्या नव्या पुलावरून थेट रस्ता. घर शक्यतो पहिल्या मजल्यावर घ्या, लिफ्ट असो वा नसो, वीज गेल्यावर आईंना जिना चढावा लागेल. थांब्यांची यादी मिळाली की इथे लिहा, कुठला थांबा धरावा ते सांगतो.